टंचाईच्या सालात जनावर विकायचं तर: आधी चारा मोजा, मग बाजार धरा

पावसाने ताण दिला की महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात दर वेळी तेच होतं. दिवाळीपर्यंत दावणीकडे कुणी बघत नाही, संक्रांतीला ‘बघू अजून’ चालतं, आणि मार्च-एप्रिलात कडबा संपला की सगळे एकाच आठवड्यात एकाच बाजारात उतरतात. जनावर तोवर खंगलेलं असतं. व्यापाऱ्यालाही माहीत असतं, की समोरच्याला ते परत नेणं परवडणार नाही. मग भाव पडला म्हणून ओरड. भाव पडतोच, पण त्यातला निम्मा तोटा आपण उशिरा आणि उलट्या क्रमाने विकल्याचा असतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. बहुतेक जण थेट सातव्या टप्प्यापासून सुरुवात करतात.

१. चारा मोजा, अंदाज बांधू नका

‘गंजी मोठी आहे, निघेल उन्हाळा’ हा हिशेब नव्हे. दहा पेंढ्या काढून वजन काट्यावर करा, सरासरी काढा आणि एकूण पेंढ्यांनी गुणा. त्यातून १० ते १५ टक्के नासाडी वजा करा. कुट्टी न करता अख्खा कडबा टाकत असाल तर नासाडी याहून जास्त धरा.

आता खाणं. जनावराला रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो. ४०० किलोच्या गाईला म्हणजे १० ते १२ किलो. भाकड जनावर नुसतं जगवायचं तर आठ-नऊ किलोंवर निभावतं. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं. साधारण पाच किलो हिरवा म्हणजे एक किलो कोरडा धरा.

उदाहरण घ्या. ८०० पेंढ्या आहेत, पेंढी सरासरी दीड किलोची. झाले १,२०० किलो. नासाडी जाता १,०५० उरतात. तीन मोठी जनावरं प्रत्येकी नऊ किलोंनी रोज २७ किलो खातात. ८०० पेंढ्यांची गंजी डोळ्यांत भरते खरी, पण ती जेमतेम ३९ दिवसांची आहे.

ही बेरीज कोणत्या तारखेपर्यंत पुरायला हवी? इथे सर्रास चूक होते. लोक मृगापर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत मोजतात. पण पाऊस पडला म्हणजे चारा आला असं नाही. पेरलेला मका किंवा कडवळ कापणीला यायला दोन महिने लागतात, बांधाचं गवत तोंडाला लागायलाही तीन-चार आठवडे जातात. वेळेवर पाऊस धरला तरी हिशेब जुलैअखेरपर्यंत करा. पाऊस लांबला तर ऑगस्ट उजाडतो.

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला ५०-६० लिटर लागतं, दुभत्या संकरित गाईला त्याहून बरंच जास्त. टँकर विकत घेणार असाल तर तो खर्च चाऱ्यातच मिळवा.

> सावधान: सरकारी चारा छावणी हिशेबात धरू नका. दुष्काळ जाहीर होणं वेगळं आणि आपल्या शिवाराजवळ छावणी उघडणं वेगळं. ३१ ऑक्टोबर २०२३ला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. तुमचा तालुका यादीत असणं म्हणजे दारात चारा येणं नव्हे. छावणी उघडली तर तेवढे दिवस वाढले समजा.

> सावधान: चारा पुरवायच्या नादात पाण्याच्या ताणाने खुरटलेली, गुडघाभर ज्वारी जनावरांना सोडू नका. किरळ लागून, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधून, तासाभरात जनावर दगावतं. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर महिनोन्‌महिने ठेवणंही चुकीचं. त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं. वाढ्यांसोबत कोरडा चारा आणि खनिज मिश्रण द्या.

२. दावणीची यादी करा: कोण जाणार, कोण राहणार

किती जनावरं जुलैअखेरपर्यंत पोसता येतील हा आकडा हाती आला. आता वही घ्या आणि प्रत्येक जनावराचं वय, वेत, गाभण आहे की नाही, किती महिन्यांची, दूध किती आणि खोड काय ते लिहा. गाभण आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. दोन-अडीच महिने झाले असतील तर हाताने तपासून कळतं. ‘गाभण असेल’ म्हणून चार महिने पोसलेली गाय रिकामी निघणं हा टंचाईतला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

मग हा क्रम लावा:

- आधी शेळ्या-मेंढ्यांमधले जादा नर, आणि वारंवार उलटणाऱ्या, गाभण न राहणाऱ्या म्हशी.
- त्यानंतर जादा खोंड, आणि घरी ठेवायच्या नाहीत त्या कालवडी व पारड्या.
- त्यानंतर मध्यम दुधाची, चौथ्या-पाचव्या वेतापुढची जनावरं.
- सर्वांत शेवटी तरुण, गाभण, चांगल्या दुधाच्या घराण्यातली गाय किंवा म्हैस. पाऊस पडल्यावर दावण पुन्हा उभी करणार ती हीच.

बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. पहिलं गिऱ्हाईक चांगल्या गाईला येतं, पैसेही बरे येतात, आणि भाकड मात्र दावणीला राहून चारा खातात. मला विचाराल तर चांगली गाय विकायला एकच परिस्थिती योग्य: तिच्या पैशातून उरलेल्या चार जनावरांचा जुलैपर्यंतचा चारा खरोखर येणार असेल तेव्हा. आणि तो चारा त्याच आठवड्यात विकत घ्यायचा. पैसे घरात पडून राहिले तर गायही गेली आणि चाराही नाही.

गाय-बैल आणि म्हैस यांना एकाच मापात मोजू नका. मार्च २०१५पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, कत्तलीसाठी राज्याबाहेर नेण्यालाही आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की म्हातारी भाकड गाय किंवा काम न होणारा बैल यांना पाळणाऱ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि टंचाईत पाळणारा शोधूनही सापडत नाही. म्हशीला ही बंदी लागू नाही, त्यामुळे तिचा भाव पडला तरी एका पातळीखाली सहसा जात नाही. तेव्हा म्हाताऱ्या, भाकड गाई-बैलांचा निर्णय वरच्या क्रमाची वाट न बघता, म्हशीच्याही कितीतरी आधी घ्यावा लागतो. म्हाताऱ्या जनावराला गिऱ्हाईकच नसेल, तर परवानाधारक गोशाळेत जागा आहे का ते थंडीतच विचारून ठेवा. एप्रिलमध्ये त्यांच्याही दावणी भरलेल्या असतात. कागद न मागता, नाव न सांगता गाय घेऊन जाणाऱ्याला जनावर देऊ नका. पुढे गाडी अडवली गेली तर कानातल्या टॅगच्या क्रमांकावरून माग तुमच्याच दारात येतो.

> तपासा: प्रत्येक जनावरापुढे ‘रोजचा खर्च गुणिले उरलेले दिवस’ लिहिलं का? समजा चारा-पाणी धरून रोज १५० रुपये जातात आणि अजून १२० दिवस काढायचे आहेत. झाले १८,००० रुपये. पावसानंतर या जनावराचा भाव आजच्यापेक्षा १८,००० रुपयांहून जास्त वाढेल का? दूध किंवा काम यातून काही वसूल होत असेल तर ते वजा करा. उत्तर ‘नाही’ आलं, तर ते जनावर ठेवणं म्हणजे हौस.

३. एक बाजार नुसता बघून या

जनावर न नेता जा. सांगोल्याचा रविवारचा, काष्टी आणि चाकणचा शनिवारचा, घोडेगावचा शुक्रवारचा असे मोठे बाजार आहेत. जवळचा लहान बाजारही चालेल. मात्र आपल्या जनावराला गिऱ्हाईक कुठे येतं हे पाहून बाजार निवडा. खिलार बैलांची जोडी घेऊन म्हशींच्या बाजारात उभं राहण्यात दिवस जातो, दुसरं काही हाती लागत नाही.

काय बघायचं? आपल्या जनावरासारखी चार-पाच जनावरं हेरा: त्याच जातीची, त्याच वेताची, तेवढ्याच अंगाची. सांगितलेला भाव लिहू नका, तुटलेला भाव लिहा. ज्याचा सौदा झाला त्याच्या शेजारी उभं राहा, गडी मोकळा झाला की विचारा. विकून झालेला माणूस सहसा खरं सांगतो. दुपारी दोननंतर किती जनावरं परत गाडीत चढतात तेही मोजा. आवक वाढलीय आणि निम्मी परत जाताहेत असं दिसलं, तर पुढच्या आठवड्यात भाव आणखी खाली येणार हे गृहीत धरा.

भाव मोबाईलवरच्या निरोपांवरून ठरवू नका. तिथे नेहमी सर्वांत महाग विकलेल्या जोडीचाच फोटो फिरतो.

४. वेळ ठरवा: प्रत्येक जनावराचा हंगाम वेगळा

बैलांना गिऱ्हाईक दोनदा येतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या आसपास, गाडीला जुंपायला बैल लागतात. आणि मग खरिपाच्या तोंडावर पेरणीसाठी. टंचाईच्या वर्षी दुसरी खेप भरवशाची नसते. उलट गाळप संपलं की तोडणीवरून परतलेले बैल त्याच मार्च-एप्रिलच्या बाजारात येतात, म्हणजे आधीच्या गर्दीत आणखी गर्दी. परतीचा पाऊस चुकला आणि रब्बीची पेर झाली नाही असं दिसताच बैल काढायचे असतील तर तेव्हाच काढा. जोडी असेल तर जोडीनेच न्या. एक विकून उरलेला एकटा बैल पुढे मातीमोल जातो.

दुभत्या जनावराला ताजी व्यालेली असताना किंवा व्यायला महिना-दीड महिना असताना सर्वांत चांगला भाव येतो. दूध आटल्यावर, पण पोटात काही नसताना सर्वांत वाईट. गाय साधारण २८० दिवसांनी आणि म्हैस ३१० दिवसांनी विते, तेव्हा भरवल्याच्या तारखेवरून ही खिडकी आधीच काढता येते. मात्र अगदी दिवस भरलेलं जनावर गाडीत चढवू नका, ते नियमातही बसत नाही. तिचा सौदा गोठ्यावरच करा.

बोकडांसाठी बकरी ईदेचा बाजार. ती दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते, तेव्हा कॅलेंडर बघून ठरवा. बोकड वजनावर जातो. घरी ताणकाट्यावर वजन करूनच निघा.

५. टॅग आणि कागद

हे काम बाजाराच्या आदल्या दिवशी होत नाही. किमान तीन आठवडे हाताशी ठेवा.

- कानातला बारा अंकी पिवळा टॅग. १ जून २०२४पासून राज्यात टॅगशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. टॅग तुटून पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून नवा मारून घ्या, आणि ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत जनावर तुमच्याच नावावर दिसतंय का तेही विचारा. मागच्या मालकाचं नाव तसंच राहिलेलं असणं ही फार सापडणारी भानगड आहे.
- लाळ्या-खुरकूत, घटसर्प आणि लम्पीच्या लशींची नोंद. लस टोचल्या टोचल्या बाजारात नेऊ नका. अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. रोगाची साथ असेल तर बाजार सुरू आहे ना याची खात्री करा. सप्टेंबर २०२२मध्ये लम्पीमुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले होते.
- वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र.
- जनावर कर्जावर घेतलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. विमा असेल तर पॉलिसीचा क्रमांक.

> सावधान: टेम्पोवाला ‘अजून दोन बसतील’ म्हणतो, तुम्ही म्हणू नका. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरता येत नाहीत, लहान गाडीत त्याहून कमी. दाटीत पाय मोडलेलं जनावर कोणत्याच भावाने जात नाही.

६. जनावर तयार करा

खंगलेल्या जनावराची किंमत किलोने कमी होत नाही, धाडकन खाली येते. बरगड्या मोजता आल्या की व्यापारी चौकशीच वेगळ्या सुरात करतो. विकायचं ठरलेल्या जनावराचाच चारा आधी तोडायची खोड अनेकांना असते. निदान शेवटचे तीन आठवडे त्याला पोटभर चारा आणि थोडी पेंड द्या. जंतनाशक त्याआधीच देऊन टाका. खुरं वाढली असतील तर साळून घ्या. गोचीड काढा, धुवा. शिंगं रंगवायची हौस असेल तर रंगवा, भावात त्याने फरक पडताना मी पाहिलेला नाही.

वजनाचा अंदाज टेपने घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येतं. घेर ६८ आणि लांबी ५६ इंच असेल तर सुमारे ३९२ किलो. आठ-दहा टक्के इकडेतिकडे होईल, पण समोरचा ‘तीनशेचं जनावर’ म्हणाला तर तुमच्याकडे उत्तर असतं.

वयही स्वतः बघून घ्या, कारण पहिलं बोट ओठाखाली जातं. पक्के दात नाहीत तो आदत, पुढे दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. हे साधारण साडेचार-पाच वर्षांचं वय. सहादाती जनावराला चारदाती म्हणून सांगितलंत, की पुढच्या कोणत्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

> हे करू नका: कास भरलेली दिसावी म्हणून धार न काढता तुंबवणं. जनावराला वेदना होतात, दगडी (कासेची सूज) होण्याचा धोका वाढतो, आणि जाणता गिऱ्हाईक दोन वेळची धार बघितल्याशिवाय घेतच नाही. मीठ चाटवून पोट पाण्याने फुगवणंही तसलंच. सड गेलेला असेल, लाथ मारत असेल, तर आधीच सांगा. गाय घरी नेल्यावर खोड कळली की वाद तुमच्या अंगणात येतो.

७. बाजाराचा दिवस आणि सौदा

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पोचा. प्रवासाने दमलेलं जनावर मान टाकून उभं राहतं आणि आजारी वाटतं. स्वतःचा चारा, बादली आणि जादा कासरा न्या. सोबत एक माणूस हवाच. एकाने सौद्यात लक्ष घालायचं, दुसऱ्याने दावं सोडायचं नाही.

घरून निघतानाच दोन आकडे ठरवा: सांगायचा भाव आणि त्याखाली द्यायचं नाही तो भाव. दुसरा आकडा ठरवताना परतीचं भाडं आणि पुढच्या बाजारापर्यंतचा चारा वजा करा. परत न्यायला ३,००० रुपये लागणार असतील, तर २,००० रुपयांसाठी ताणून धरण्यात अर्थ नाही. हा आकडा सोबतच्या माणसालाही माहीत असू द्या, पण दलालाला नको.

दलाल ठेवायचा तर त्याचे पैसे आधी ठरवा: किती, आणि कोण देणार. तो दोन्हीकडून घेतो, हे गृहीत धरून चाला. बाजार समितीच्या पावतीचे पैसे कुणी भरायचे तेही त्याच वेळी बोलून घ्या.

सौदा अजूनही बऱ्याच ठिकाणी रुमालाखाली बोटं धरून होतो. व्यापारी तुमची तीन बोटं दाबतो, तुम्ही मान हलवता, तो पाचवं बोट धरून सोडतो, आणि भोवतालच्या दहा जणांना काही कळत नाही. नवख्याने यात पडू नये. पडलात तरी दावं हातात देण्याआधी आकडा तोंडाने, रुपयांत, साक्षीदारासमोर बोलून घ्या. तीन बोटं म्हणजे तीस हजार की तीन हजारांची वाढ, यावरून झालेली भांडणं पुष्कळ आहेत.

पहिली मागणी आली की लगेच देऊ नका, पण सकाळची चांगली मागणी उडवूनही लावू नका. टंचाईच्या बाजारात भाव दुपारनंतर चढताना क्वचितच दिसतो. दहा-अकरापर्यंत खरेदीदार ताजे असतात आणि त्यांच्या गाडीत जागा असते. दोननंतर उरतात ते पडेल भावाने उचलणारे.

> सावधान: इसार घेऊन ‘आठवड्याने नेतो’ म्हणणाऱ्याला तारीख लिहून द्यायला लावा आणि त्या दिवसांचा चारा कुणाचा तेही लिहा. नाहीतर भाव पडला की तो इसार सोडून देतो आणि आठवडा तुमचा जातो.

८. पैसे, पावती, नाव

पूर्ण पैसे आल्याशिवाय दावं सोडायचं नाही. मोबाईलवरून पैसे आले तर समोरच्याच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क बघून खूश होऊ नका. आपल्या खात्यात जमा झालेले बघा. रोख असेल तर बाजार समितीच्या कार्यालयात बसून मोजा, नोटा तपासा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, मोठ्या जोडीचे पैसे खात्यातच घ्या.

पावतीवर टॅगचा क्रमांक, घेणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि रक्कम आहे का ते तिथेच वाचा. ‘एक बैल, रंग पांढरा’ एवढंच लिहिलेली पावती कामाची नाही. जनावर, कानातला टॅग आणि घेणारा एकत्र दिसेल असा फोटो काढून ठेवा. मग दवाखान्यात जाऊन ‘भारत पशुधन’मध्ये जनावर घेणाऱ्याच्या नावावर करून घ्या. विमा कंपनीला कळवा. विमा आपोआप नव्या मालकाकडे जात नाही.

आणि सौदा झालाच नाही, जनावर परत आणावं लागलं, तर ते थेट दावणीला बांधू नका. बाजारात शेकडो जनावरांत उभं राहून आलंय. दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची बादली वेगळी ठेवा, रोज तोंड, खुरं आणि अंगावरच्या गाठी बघा. त्याच काळात पुढच्या बाजाराचा दुसरा आकडा पुन्हा मांडा. चाऱ्याचे दिवस कमी झालेत, तेव्हा तो आता पूर्वीपेक्षा खालीच येईल.